काबूल एक्स्प्रेस: रस्त्यावरचे साक्षीदार

कबीर खान यांचा 'काबूल एक्स्प्रेस' १५ डिसेंबर २००६ रोजी प्रदर्शित झाला. निर्मिती मुंबईच्या यशराज फिल्म्सची, चित्रीकरण मात्र प्रत्यक्ष अफगाणिस्तानात. कथेचा काळ नोव्हेंबर २००१. दोन भारतीय टीव्ही पत्रकार, एक अमेरिकन छायाचित्रकार आणि खैबर नावाचा अफगाण चालक यांच्या गाडीत इम्रान शिरतो. तालिबानकडून लढलेला हा पाकिस्तानी सैनिक बंदुकीच्या धाकाने त्यांना सीमेकडे न्यायला लावतो.

ही चौकट कितपत खरी, हे तपासायला साधनं आहेत. काबूल १३ नोव्हेंबरला तालिबानच्या हातून गेलं, महिनाअखेरीस कुंदुझ पडलं. कुंदुझच्या वेढ्यातून पाकिस्तानी माणसं विमानांनी बाहेर काढली गेली, असं सेमूर हर्श यांनी जानेवारी २००२ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिलं. पाकिस्तानने ते नाकारलं. दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की इम्रान निव्वळ पटकथेच्या सोयीसाठी घडवलेला वाटत नाही. मात्र अमुक एका माणसावरून तो उचलला, असं म्हणायला आधार नाही.

पत्रकारांच्या गाड्या अडवल्या जात होत्या, याची नोंद त्याहून ठाम आहे. १९ नोव्हेंबर २००१ रोजी जलालाबाद-काबूल रस्त्यावर, सरोबीच्या परिसरात, हॅरी बर्टन, अझीझुल्ला हैदरी, मारिया ग्राझिया कुतुली आणि हुलिओ फुएन्तेस या चौघांना गाडीतून उतरवून ठार मारण्यात आलं. बर्टन आणि हैदरी रॉयटर्सचे, कुतुली इटलीच्या 'कोरिएरे देला सेरा'च्या, फुएन्तेस स्पेनच्या 'एल मुंदो'चे. हैदरी स्वतः अफगाण होते. त्या दिवशी काय घडलं, हे जगाला प्रथम कळलं ते वाचलेल्या स्थानिक चालकांच्या तोंडून.

म्हणून खैबर मला या चित्रपटातला सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो. हनीफ हमगम या अफगाण नटाने ती भूमिका केली. असा स्थानिक माणूस युद्धभूमीबाहेर, आपल्याकडेही असतो. गोसीखुर्दला २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. त्या धरणाच्या, वैनगंगेच्या बुडीत क्षेत्रात बाहेरून आलेल्या बातमीदाराला कुठलं शेत कुणाचं, हे गावचाच माणूस दाखवतो. छापून येताना त्याचं नाव गळतं. युद्धभूमीवर तर त्या माणसाचा जीवही पणाला लागलेला असतो.

पटकथेने खैबरला जागा दिली, पण त्याच्या देशातल्या एका समाजावर अन्याय केला. हजारा समाजाबद्दलचे काही संवाद अपमानकारक असल्याचं सांगत अफगाण सरकारने चित्रपटावर बंदी घातली. भारतात याच चित्रपटाला ५४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या सर्वोत्तम पहिल्या चित्रपटाचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला. मी बंदीचा समर्थक नाही. पण त्या संतापाला नुसतं भावना दुखावल्याचं प्रकरण म्हणणं मला मान्य नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये मझार-ए-शरीफला तालिबानने हजारा लोकांची कत्तल केली. जानेवारी २००१ मध्ये याकावलंगला सुमारे १७० माणसं मारली गेल्याची खात्री ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालात आहे. तो अहवाल फेब्रुवारी २००१ चा, म्हणजे चित्रपटातला प्रवास ज्या नोव्हेंबरात घडतो, त्याच्या नऊ महिने आधीचा. संवाद लिहिले जाण्याच्या कितीतरी आधीपासून तो सर्वांना वाचायला खुला होता.