हुगळीकाठची बाग

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात विल्यम कॅरी हे नाव मुद्रणाच्या प्रकरणात येते आणि बहुधा तेथेच संपते. १८०५ साली त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापले, १८१० साली वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मोडी अक्षरांत मराठीचा कोश काढला, फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविली. अभ्यासकाला एवढे पुरते. परंतु कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम तीरावरील श्रीरामपूर ह्या तेव्हाच्या डॅनिश वसाहतीत हा मिशनरी दिवसाचा आरंभ कोठे करीत असे, हे त्या प्रकरणात सांगितलेले नसते. भल्या पहाटे तो आपल्या घराच्या बागेत असे.

कॅरी ह्यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातील एका खेड्यात झाला. त्यांचे चुलते माळीकाम करीत. पुतण्यानेही तोच मार्ग धरला असता. पण उन्हात गेले की त्याच्या तोंडाची व हातांची आग होई, असा त्वचेचा विकार त्याला होता. म्हणून वडिलांनी मुलाला सावलीतला धंदा शोधून दिला आणि तो चांभाराकडे उमेदवार राहिला. इंग्लंडचे मवाळ ऊन ज्याला सोसवले नाही, त्याने १७९३ पासून पुढे चाळीस वर्षे बंगालच्या उन्हात काढली आणि तेथे बाग फुलविली, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. मायदेशी ते पुन्हा कधीच गेले नाहीत.

बंगालात आल्यावर आरंभीची काही वर्षे त्यांनी मालदा भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याचे व्यवस्थापक म्हणून घालविली. ती दुःखाची वर्षे होती. एक मुलगा तेथेच दगावला आणि पत्नीचे मन कायमचे बिघडले. त्याच काळात इंग्लंडला पाठविलेल्या पत्रांत त्यांनी विळे, कोयते व नांगराची चाके ह्यांच्या जोडीने दरवर्षी भाज्यांचे, फुलांचे आणि फळझाडांचे बी पाठविण्याची विनंती केलेली आढळते. १८०० साली श्रीरामपूरला बिऱ्हाड हलल्यावर ह्या मागण्या वाढतच गेल्या. त्यांना दुर्मीळ रोपांचीच ओढ होती असे नव्हे. लहानपणी कुरणांत आणि कुंपणांच्या कडेला पाहिलेली, इंग्लंडात कोणी वळूनही पाहणार नाही अशी फुले त्यांना हवी असत. ब्रह्मदेशात व अंबोइना बेटावर गेलेल्या मुलांनाही त्यांच्या पत्रांतून तिकडच्या झाडांच्या बियांचा तगादा असे.

ह्या छंदातील निराशा समजून घ्यायची तर त्या काळचा प्रवास ध्यानात घेतला पाहिजे. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येणाऱ्या जहाजाला पाच-सहा महिने लागत आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. उष्मा आणि दमटपणा हे बियांचे वैरी. कित्येक पुड्यांतले बी बंगालला पोहोचेपर्यंत निर्जीव झालेले असे. कंद कुजत आणि कलमे खाऱ्या वाऱ्याने करपत. रोपे काचेच्या बंद पेटीतून सुखरूप नेण्याची नॅथॅनिअल वॉर्ड ह्यांची युक्ती समुद्रावर प्रथम आजमावली गेली ती १८३३ साली, म्हणजे कॅरी ह्यांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी. जे बी रुजे त्याचीही शाश्वती नव्हती. थंडीच्या दिवसांत डोलणारा वाफा वैशाखात जळून जाई आणि जे उरे ते आषाढात सडे. मैदानी प्रदेशात विलायती फुलांची हौस करणाऱ्याला हा अनुभव आजही नवा नाही.

अशा परिस्थितीत एकदा इंग्लंडहून बियांची एक पिशवी आली. बी काढून घेतल्यावर तळाशी उरलेली मातीही वाया जाऊ नये म्हणून कॅरी ह्यांनी ती पिशवी बागेतल्या एका सावलीच्या जागी झटकली. काही दिवसांनी पाहतात तो तेथे डेझीचे रोप उगवलेले! कोणी न पाठविलेले आणि कोणी न पेरलेले. सुमारे तीस वर्षांत त्यांनी हे फूल पाहिले नव्हते आणि पुन्हा दिसेल अशी आशाही उरली नव्हती. बी पाठविणाऱ्या स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की, युरोप सोडल्यापासून इतका साधा आणि इतका उत्कट आनंद आपल्याला दुसरा झाल्याचे आठवत नाही. हे पत्र इंग्लंडात पुष्कळांनी वाचले आणि शेफील्डचे कवी जेम्स माँटगोमेरी ह्यांनी त्यावर कविताही रचली. कवितेत स्वाभाविकपणेच विरहाला महत्त्व आले आहे. पत्रात मात्र उठून दिसतो तो कसलेला माळी, पिशवीची मातीसुद्धा टाकून न देणारा.

बाग पुढे पाच एकरांपर्यंत वाढली. तिची मांडणी लिनिअसच्या वर्गीकरणानुसार होती. त्यांचे पुत्र जोनाथन ह्यांच्या आठवणींवरून दिसते की, वडिलांची प्रार्थना आणि चिंतन ह्या झाडांमध्येच चाले आणि एखादा वाफा कोणी विस्कटला तर त्यांना ते जिव्हारी लागे. ज्याने शब्दांना कोशात जागा नेमून दिली त्याचीच ही बाग, हे सहज ओळखू येते. कंपनीच्या कलकत्ता येथील वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग हे त्यांचे स्नेही. १८१३ साली रॉक्सबर्ग भारत सोडून गेले, तेव्हा त्यांच्या उद्यानातील झाडांची सूची कॅरी ह्यांनी १८१४ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यात छापली आणि १८२० पासून त्यांच्या ‘फ्लोरा इंडिका’चे खंड संपादून काढले. रॉक्सबर्ग ह्यांनीही एका वृक्षकुलाला स्नेह्याचे नाव देऊन ठेवले होते: ‘कॅरिया’. सह्याद्रीच्या रानात वसंताच्या सुमारास लांब केसरांची मोठी फुले धरणारा कुंभा तो हाच, ‘कॅरिया आर्बोरिया’. मराठीचा कोश करणाऱ्याचे नाव मराठी मुलखातील झाडाला असावे, ही गोष्ट मराठी वाचकाच्या फारशी कानावर नाही.

१८२० साली कॅरी ह्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन झाली. तिचे श्रेय इतिहासकार त्यांना न चुकता देतात. परंतु संस्थेची बाग आणि घरची बाग ह्यांत एक भेद असतो. संस्थेतला माळी बदलला तरी काम चालते. घरची बाग एका माणसाच्या नजरेवर उभी असते. हे कॅरी ह्यांना कळून चुकले ते १८२३ च्या ऑक्टोबरात. नदीच्या घाटावर पडून त्यांच्या कमरेला जबर दुखापत झाली होती आणि ते अंथरुणाला खिळले होते. त्याच सुमारास दामोदर नदीचे बांध फुटले आणि पुराचे पाणी श्रीरामपुरात शिरले. हुगळी काठ खात घरापर्यंत आली, त्यांना राहते घर सोडावे लागले आणि बाग पाण्याखाली गेली. वीस-बावीस वर्षांची निगराणी काही दिवसांत नाहीशी झाली. त्याच वर्षी लंडनच्या लिनिअन सोसायटीने त्यांना आपले सदस्यत्व दिले होते! बाष्ट वर्षांच्या ह्या माणसाने कुबड्यांच्या आधाराने हिंडू लागल्यावर पुन्हा लागवड सुरू केली.

अखेरच्या दिवसांत त्यांना चाकांच्या खुर्चीतून बागेत फिरवून आणीत. पुढे तेही अशक्य झाले, तेव्हा मुख्य माळी खोलीत येऊन झाडांची खबर देई आणि हुकूम घेऊन जाई. एकदा ते फार खिन्न दिसले म्हणून त्यांचे जुने सहकारी जोशुआ मार्शमन ह्यांनी कारण विचारले. आपण गेल्यावर मार्शमन ह्या बागेत गाई सोडतील असा विचार मनात आला, असे उत्तर मिळाले. चरित्रकारांनी हा प्रसंग विनोद म्हणून सांगितला आहे. तो केवळ विनोद असावा असे वाटत नाही. मार्शमन ह्यांनी ही बाग जपणे आपण पवित्र कर्तव्य मानू, असे वचन दिले.

९ जून १८३४ रोजी कॅरी वारले. वचन देणारे मार्शमन १८३७ च्या डिसेंबरात गेले. पुढे मिशनच्या त्या जुन्या आवारात तागाची गिरणी उभी राहिली.