तळटीप : कुंभक

पूरकाने आत घेतलेला श्वास रेचकाने बाहेर सोडण्यापूर्वी कोंडून धरण्याची जी क्रिया, तिला येथे कुंभक म्हटले आहे. पूरक, कुंभक व रेचक यांचे १ : ४ : २ हे परंपरागत प्रमाण पाळावयाचे तर १६ मात्रांच्या (मात्रा हे कालमापनाचे एकक) पूरकामागे ६४ मात्रांचा कुंभक येतो, आणि नवशिक्याने तो हट्टाने साधू पाहणे सर्वथा अनिष्ट होय. सिंह, हत्ती व वाघ ज्याप्रमाणे हळूहळूच वश होतात त्याप्रमाणे प्राणही, एरवी तो साधकाचाच घात करतो, अशी सक्त ताकीद खुद्द हठप्रदीपिकेत आहे. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगविद्येस प्रयोगशाळेची कसोटी लावणारे स्वामी कुवलयानंद यांनीही, रोगनिवारणाच्या आशेने येणाऱ्या अभ्यासकांच्या हिताचा विचार करून, कुंभकाविषयी हीच सावधगिरी बाळगली, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. — संपादक