राण्यांचा रस्ता

कारवारच्या टागोर किनाऱ्यावर गेलं की पोरं आधी युद्धनौकेच्या संग्रहालयाकडं धावतात. तिथं जवळच मेजर रामा राघोबा राणे यांचा अर्धपुतळा आहे. गेल्या खेपेला नातवानं विचारलं, "आजी, ह्यांनी किती शत्रू मारले?" मला सांगता येईना. राणे आपल्याच भागातले, कारवारजवळच्या चेंडियाचे, आणि परमवीरचक्र मिळालं म्हणजे बंदूक चालवली असणार, एवढंच मी धरून चालले होते. घरी येऊन वाचायला बसले.

त्यांची लढाई झाली जम्मूच्या डोंगराळ भागात, नौशेरा ते राजौरी या वाटेवर. काश्मीरला जाणारा जुना मोगली रस्ता हाच. मधे चिंगस नावाची सराई लागते. काश्मीरहून परतताना १६२७ साली जहांगीर वारला, तेव्हा त्याची आतडी इथं पुरली, असं सांगतात.

नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी हल्लेखोरांच्या हाती पडली. हजारो माणसं मारली गेली. अब्रू जाण्यापेक्षा मरण बरं म्हणून कितीतरी बायकांनी जीव दिला. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं. मला मात्र ती ओळ ओलांडून पुढं जायला वेळ लागला.

फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेरा टिकलं, मार्चमध्ये झांगर परत मिळालं, आणि एप्रिलमध्ये सैन्य राजौरीकडं निघालं. डोंगरात सैन्य अडवायला फार माणसं लागत नाहीत. रस्ता एकच. त्यावर झाडं आडवी टाकायची, खाली सुरुंग पेरायचे, वर टेकडीवर मशीनगन घेऊन बसायचं. रणगाडा कितीही मोठा असला तरी तिथंच अडकतो.

ते अडथळे काढायचं काम राण्यांच्या सॅपर तुकडीकडं होतं. ८ एप्रिलला डोग्रा पलटणीनं बरवालीची धार जिंकली. राणे पुढं कामाला लागले तोच तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते, तरी ते मागं फिरले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत ते सुरुंग शोधत आणि दोरीनं आतल्या चालकाला खुणावत. पुढं पाच चीडवृक्ष आडवे पाडलेले, भोवती सुरुंग, वरून गोळ्या, तेही काढले. ११ एप्रिलला पहाटेपासून रात्रीपर्यंत हेच चाललं. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत पोचलं. लपून जगलेली माणसं तेव्हा बाहेर आली.

आपल्या शास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितलेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. आपल्या माणसांचं रक्षण करताना घडते ती विरोधी. राण्यांना त्या चौथ्या खणात ठेवून मी मोकळी होणार होते. पण मन तेवढ्यावर थांबेना. त्यांनी केलेल्या रस्त्यानं रणगाडे गेले, आणि ते कुणावर तरी चाललेच असणार. हे झाकायचं कशाला? तरीही त्या चार दिवसांत हा माणूस फक्त वाटेतलं मरण वेचून बाजूला काढत होता, हेही तितकंच खरं.

परमवीरचक्र जिवंतपणी मिळवणारे ते पहिले, असं म्हणतात. ते पदक घडवलं एका बाईनं. जन्मानं युरोपियन, लग्नानं मराठी झालेल्या सावित्रीबाई खानोलकर. त्यांनी त्यावर इंद्राची चार वज्रं घातली. वज्र म्हणजे दधीची ऋषींनी दिलेली स्वतःची हाडं. शस्त्र खरं, पण देण्यातून आलेलं.

राणे १९६८ साली निवृत्त झाले, १९९४ ला पुण्यात वारले. नातवाचा परवा फोन आला तेव्हा त्याला एवढंच सांगितलं, किती मारले ते कुठं लिहिलेलं नाही बाळ, झाडं मात्र पाच काढली. तो म्हणाला, "मग आजी, ती झाडं पाडली कुणी?"