तीन पायांचा नियामक

विद्युतदाब-नियामक म्हणजे येणारा दाब कमीजास्त झाला, किंवा जोडलेल्या उपकरणाने ओढलेली धारा बदलली, तरी बाहेर पडणारा दाब ठरलेल्या अंकावर धरून ठेवणारे मंडल. आज असे मंडल, तेही हवा तो दाब निवडता येईल असे, विद्यार्थी घरच्या टेबलावर मोजक्या सुट्या भागांतून आणि अगदी थोड्या खर्चात उभे करतो. हा स्वस्तपणा केवळ मोठ्या प्रमाणावरील उत्पादनातून आलेला नाही. दाब स्थिर ठेवण्यातले कठीण प्रश्न पन्नास वर्षांच्या काळात एकेक करून सुट्या भागाच्या पोटात नेऊन ठेवले गेले आणि जुळणी करणाऱ्याच्या वाट्याला त्यातला सोपा भाग तेवढा उरला, हे त्यामागचे खरे कारण आहे.

घरगुती वीजपुरवठ्याची गरज प्रथम रेडिओने निर्माण केली. १९२० च्या दशकातील अमेरिकन रेडिओसंचाला व्हॉल्व्हची तार तापवण्यासाठी एक, तर व्हॉल्व्हच्या धनाग्राला उच्च दाब देण्यासाठी दुसरी, अशा वेगवेगळ्या बॅटऱ्या लागत, आणि त्या बदलणे किंवा पुन्हा भारित करणे हा खर्चाचा व कटकटीचा भाग होता. घरातील प्रत्यावर्ती विजेवर रेडिओ चालवून देणाऱ्या जोडसाधनाला त्यामुळे ‘बॅटरी एलिमिनेटर’, म्हणजे बॅटरीची गरज संपवणारे साधन, असे नाव मिळाले. रेथिऑन कंपनीचा पाया १९२५ च्या सुमारास अशा साधनांसाठी बनवलेल्या वायुभरित एकदिशकारी नळीवर घातला गेला, आणि पुढे मोटोरोला या नावाने प्रसिद्ध झालेल्या, १९२८ साली शिकागोत स्थापन झालेल्या गॅल्विन कंपनीचे पहिले उत्पादनही बॅटरी एलिमिनेटर हेच होते. ही साधने प्रत्यावर्ती वीज एकदिश करीत, परंतु तिचा दाब बांधून ठेवीत नसत. भिंतीतील दाब वरखाली झाला की रेडिओला मिळणारा दाबही त्याबरोबर हलत असे.

दाब बांधण्यासाठी मोजमापाला एक पक्का अंक लागतो; त्याला संदर्भदाब म्हणतात. व्हॉल्व्हच्या काळात हे काम वायूने भरलेल्या दीप्तिनळ्या करीत, कारण त्यांतील वायू एकदा पेटला की नळीच्या दोन टोकांमधील दाब धारेच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात जवळजवळ स्थिर राहतो. व्हीआर १०५ आणि व्हीआर १५० या नळ्यांच्या नावातच त्यांचा दाब लिहिलेला होता. अर्धवाहकांचे युग आल्यावर ही जागा क्लॅरेन्स झेनर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डायोडने घेतली. तरीही संदर्भदाब, बाहेरील दाबाशी त्याची तुलना करून फरक वाढवणारा प्रवर्धक आणि धारा वाहून नेणारा ट्रान्झिस्टर या तीन गोष्टींची सांगड घालणे जुळणी करणाऱ्याच्याच माथी होते. चुकून दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर तो ट्रान्झिस्टर क्षणात जळून जाई.

ही सांगड सिलिकनच्या एकाच तुकड्यावर आणण्याचे काम १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीत रॉबर्ट विडलर यांनी रचलेला एलएम १०० आणि फेअरचाइल्ड कंपनीचा म्यूए ७२३ हे त्या पिढीचे प्रतिनिधी होत. मोठ्या धारेसाठी त्यांना बाहेरून ट्रान्झिस्टर जोडावा लागे. त्यानंतर विडलर यांच्याच एलएम १०९ ने ५ व्होल्टचा संपूर्ण नियामक तीन जोडटोकांत बसवला आणि अतिउष्णतेपासूनचे संरक्षणही त्यातच समाविष्ट केले. त्यातील संदर्भदाबाची युक्ती विशेष महत्त्वाची आहे. ट्रान्झिस्टरच्या बेस व एमिटर या टोकांमधील दाब तापमानाच्या दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो, तर वेगवेगळ्या धाराघनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरांच्या अशा दाबांमधील फरक तापमानाबरोबर वाढतो. या दोन विरुद्ध प्रवृत्ती योग्य प्रमाणात मिळवल्या की सुमारे १.२ व्होल्टचा, तापमानाने फारसा न हलणारा दाब हाती येतो. हा अंक सिलिकनच्या ऊर्जापट्ट्यांमधील अंतराशी जुळतो, म्हणून अशा संदर्भाला पट्टांतर-संदर्भ म्हणतात.

ठरावीक दाबाच्या नियामकांची एक अडचण होती: ५, १२, १५ अशा प्रत्येक दाबासाठी वेगळा भाग लागे, आणि मधला एखादा दाब हवा असल्यास तो सरळपणे मिळत नसे. १९७६ साली नॅशनल सेमीकंडक्टरमधील रॉबर्ट डॉब्किन यांच्या एलएम ११७ ने, आणि सामान्य वापरासाठीच्या त्याच्या एलएम ३१७ या भावंडाने, ही अडचण दूर केली. या नियामकाला जमिनीचे, म्हणजे शून्य दाबाचे, टोक नाही. बाहेर जाणारा दाब ‘समायोजन’ नावाच्या टोकापेक्षा १.२५ व्होल्टने वर ठेवणे एवढेच त्याचे काम, आणि आतील मंडलाला लागणारी धारा तो बाहेरच्या टोकातूनच सोडतो. समायोजन टोकातून जेमतेम ५० मायक्रोअँपिअर धारा वाहते. त्यामुळे दोन रोधकांच्या गुणोत्तरावरून दाब ठरतो: वरचा रोध १२० व खालचा ३६० ओहम असल्यास खालच्या रोधावर वरच्याच्या तिप्पट दाब पडतो आणि एकूण ५ व्होल्ट मिळतात. खालच्या जागी बदलता रोध, म्हणजे बाजारातला ‘पॉट’, बसवला की नियामक समायोज्य होतो. त्याची मर्यादा १.५ अँपिअर व ३७ व्होल्टपर्यंत जाते.

या भागाभोवती उभे राहिलेले घरगुती मंडल पाठ्यपुस्तकासारखे स्थिर झाले. भारतातील २३० व्होल्टची वीज रोहित्राने, म्हणजे ट्रान्सफॉर्मरने, १२ व्होल्टवर आणली, चार डायोडांच्या सेतूने एकदिश केली आणि मोठ्या कपॅसिटरने तिची लाट सपाट केली की सुमारे १५ व्होल्ट मिळतात. नियामकाला स्वतःसाठी २ ते ३ व्होल्ट लागत असल्याने बाहेर १२ व्होल्टपर्यंतचा दाब घेता येतो. अनेक आकृत्यांत वरचा रोध २४० ओहमचा दिसतो. तो मुळात एलएम ११७ च्या ५ मिलिअँपिअर किमान भारासाठी होता. एलएम ३१७ ला ही गरज १० मिलिअँपिअरपर्यंत असू शकते, म्हणून तेथे १२० ओहम अधिक योग्य ठरतो. आकृती पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी उतरवली गेली तरी तिच्यामागचे कारण वाचणे का गरजेचे असते, हे या एका अंकावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रात अशा जुळणीला मुंबईतील लॅमिंग्टन रोडच्या, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाच्या, आणि पुण्यातील बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या बाजारपेठांचा आधार मिळाला. ट्रान्झिस्टर रेडिओ आणि कॅसेटप्लेअर घराघरांत पोहोचल्यावर ‘एलिमिनेटर’ हा शिकागोच्या काळातला शब्द मराठी बोलण्यातही रुळला.

आता स्विचिंग पद्धतीचे तयार फलक तेवढ्याच किमतीत मिळतात आणि उष्णताही कमी करतात. तरीही शिकण्यासाठी व स्वच्छ, गोंगाटरहित दाबासाठी जुना नियामक टिकून आहे. १५ व्होल्टवरून ५ व्होल्ट घेऊन १ अँपिअर धारा ओढली तर १० वॅट उष्णता त्याच्या अंगात निर्माण होते, आणि तिला वाट देणारा अ‍ॅल्युमिनियमचा उष्णताशोषक, म्हणजे हीट सिंक, नसल्यास तो स्वतःला बंद करून घेतो. संदर्भदाब, तुलना व संरक्षण यांचे जुने प्रश्न सिलिकनने आपल्याकडे घेतले. गुणोत्तर ठरवणे आणि उष्णता बाहेर काढणे ही दोन कामे घरच्या हातांकडे राहिली, आणि त्या दोन कामांतूनच या विद्येशी घरबसल्या ओळख होते.