कंठस्वर, वय आणि गायनप्रकार : आलापल्ली व झाडीपट्टी

वाढत्या वयाबरोबर गळ्याची पट्टी, पल्ला, दमसास आणि पोत बदलतो. कोणत्या गळ्याला कोणते गाणे पेलेल हे बरेचसे त्यावर ठरते. साधारण १२ ते १५ वर्षांच्या सुमारास मुलग्यांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ सप्तकभर खाली येतो. यालाच आवाज फुटणे म्हणतात. मुलींचा आवाज दोन-तीन स्वरच उतरतो. उतारवयात पुरुषांचे स्वरतंतू पातळ पडून आवाज किंचित चढतो व किनरा होतो, तर रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज जाडसर होऊन खाली येतो. दम मात्र दोघांचाही तोकडा होतो.

याचे पहिले उदाहरण आलापल्लीचे. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील हे सागवानाचे गाव. येथून भामरागड, सिरोंचा व एटापल्लीकडे रस्ते फुटतात. या मुलखातील गोंड-माडियांची रेला गाणी समूहाची असतात. हात गुंफून नाचणाऱ्या बायका-मुलींपैकी काही जणी ओळ म्हणतात, बाकीच्या ती उचलतात. पल्ला थोडा, ओळी आखूड; म्हणून दम गेलेली आजीही पोरीबाळींच्या बरोबरीने गाते. कोण्या एकीचा सूर उतरला तरी गाणे पडत नाही.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकाचे गणित वेगळे. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, वडसा (देसाईगंज) हे मंडळ्यांचे मुख्य ठाणे, आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतात. रात्रभर बोलून वर पदे म्हणायची, तीही थंडीत. येथे गोडव्यापेक्षा टिकाऊ गळा लागतो. येथील दंडार या लोकनाट्यात पुरुषच बायकांची सोंगे घेत. अशा नटाचा आवाज फुटला, की वरच्या पट्टीसाठी त्याला खोट्या आवाजाचा आधार घ्यावा लागतो. संगीत रंगभूमीवर हीच कसोटी होती. बालगंधर्वांनी (१८८८–१९६७) मात्र स्त्रीभूमिका चाळिशी ओलांडल्यावरही गाजवल्या. तो अपवादच म्हणावा.

ख्यालाला जाड आवाजाचे वावडे नाही. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचा पातळ गळा घशाच्या दुखण्यावरील उपचारानंतर भारदस्त, पुरुषी झाला आणि किराणा घराण्याच्या संथ आलापीत तोच खुलला. अशा गळ्याला लावणी वा जलद नाट्यपद जड गेले असते. गाणे कोणतेही असो, आवाज फुटत असताना मुलाला जुन्याच पट्टीत गायला लावणे घातक. त्या काळात पट्टी उतरवून, मधल्या सप्तकात, थोडा वेळच गाऊ द्यावे.