लोखंडी गोळ्यातला प्राणवायू

गेल्या गळीत हंगामात माझा भाचा बारामतीहून इंदापूरला येताना मोटारसायकलवरून पडला. अंथुर्ण्याच्या पुढे उसाची ट्रॉली अंधारात उभी होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. हेल्मेटमुळे जीव वाचला, स्कॅनमध्येही काही निघाले नाही. पण महिना उलटला तरी डोके दुखे, उजेड सोसेना, वाचलेले ध्यानात राहीना. मेंदूला हादरा बसलाय, विश्रांती घ्या, हळूहळू कामाला लागा, असे डॉक्टर म्हणाले. एवढ्याशा सल्ल्याने आपल्याकडे कुणाचे समाधान होते? कुणीतरी शहरातल्या एका केंद्राचा कागद आणून दिला. दाबाच्या पेटीत निजवून शुद्ध प्राणवायू देतात, बैठका चाळीस. बहीण म्हणाली, "दादा, दोन गुंठे विकू, पण पोरगं पहिल्यासारखं होऊ दे."

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. औषधातले मला कळत नाही, पण या पेटीचा इतिहास तरी पाहावा म्हणून बसलो.

घागर पालथी करून विहिरीत दाबली तर आतली हवा पाण्याला वर येऊ देत नाही. याच युक्तीने एकोणिसाव्या शतकात नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत माणसे उतरवून पुलांचे पाये खोदले. वर आल्यावर मजुरांचे सांधे धरत, कुणी लुळे पडत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग 1872 मध्ये असाच अंथरुणाला खिळला. त्याची पत्नी एमिली हिने त्याच्या सूचना कामावर पोचवत 1883 मध्ये पूल तडीस नेला. पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्ये कारण दाखवून दिले: दाब एकदम उतरला की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. उपाय सरळ होता. माणसाला पुन्हा दाबाखाली न्यायचे आणि सावकाश बाहेर काढायचे. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात पाणबुड्यांसाठी ही सोय आहे, ती याच कारणाने.

मग आले अमेरिकेतले डॉक्टर कनिंगहॅम. मधुमेह, कर्करोग सगळे दाबाच्या हवेने बरे होते, असा त्यांचा दावा. एका धनाढ्य कारखानदाराने दहा लाख डॉलर दिले आणि 1928 मध्ये क्लीव्हलंडला 64 फूट व्यासाचा पोलादी गोळा उभा राहिला. आत मजले, निजायच्या खोल्या, जेवणघर! वैद्यक संघटनेने पुरावा मागितला, तो काही त्यांनी दिला नाही. दुसऱ्या महायुद्धात गोळा भंगारात गेला.

पण उपचार भंगारात गेला नाही. 1960 मध्ये अॅमस्टरडॅमच्या बोरेमा यांनी डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून घेतल्या, तरी दाबाखालच्या प्राणवायूवर ती जगली, कारण दाब वाढला की प्राणवायू रक्ताच्या पाण्यातच विरघळतो. कोळशाच्या धुराची विषबाधा, मधुमेहींच्या पायाच्या काही चिघळलेल्या जखमा यांसाठी ही पेटी आज वापरली जाते.

मेंदूच्या हादऱ्याचे काय? अमेरिकी लष्कराने 72 सैनिकांवर केलेली चाचणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना दीडपट दाबाखाली प्राणवायू दिला. काहींना तशाच पेटीत बसवून किंचित दाबाची साधी हवा दिली. उरलेल्यांना नेहमीचे उपचार. पेटीत बसलेल्या दोन्ही गटांना नुसत्या उपचारांपेक्षा अधिक बरे वाटले, आणि त्या दोहोंत फरक दिसला नाही. किंचित दाब हेही औषधच, असे काही जण म्हणतात. मला मात्र ती रोजची तासभर काळजी आणि आशा यांची करामत वाटते. इस्रायलमधून 2013 मध्ये आशादायक निष्कर्ष आले होते, पण तिथे तुलनेला खोटी पेटी नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या दुखण्यासाठी पेटीला मान्यता दिलेली नाही.

हे सगळे बहिणीला सांगितले. ती म्हणाली, "पण दादा, दोन्ही पेट्यांतली माणसं बरी झालीच ना?"

लगेच उत्तर सुचले नाही. मग म्हणालो, "साध्या हवेनं झाली, तर आपली हवा काय वाईट आहे?"

भाच्याचा आता चौथा महिना. सकाळी बांधापर्यंत चालत जातो, वर्तमानपत्राचे एक पान वाचतो, दुपारी पडदे ओढून निजतो. गुंठे अजून विकलेले नाहीत. केंद्राचा तो कागद बहिणीने कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवलाय.