पंडिता रमाबाईंचें ख्रिस्तीपण

ख्रिस्ती होणें आणि ख्रिस्ती म्हणून जगणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीस एक दिवस पुरतो व त्या दिवसाची तारीख मंडळीच्या नोंदवहींत लिहितां येते. दुसरीस सारें आयुष्य लागतें. आमच्याकडे धर्मांतराची चर्चा होते ती बहुधा पहिल्या दिवसापाशींच थांबते. अमुक मनुष्य कां बाटला, कोणीं बाटविला, कशाच्या आशेनें बाटला, एवढें ठरलें म्हणजे चर्चा करणारांचें समाधान होतें. पुढें तो कसा जगला हें विचारण्याची कोणास गरज वाटत नाहीं. पंडिता रमाबाईंच्या बाबतींत हा अन्याय विशेष घडला आहे, आणि तो एकाच पक्षाकडून घडलेला नाहीं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकापवाद सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें, व त्या माउलीनें तें मुलीस दिलें. दुष्काळांत आईबाप गेले. भावासह देशभर पायीं हिंडत रमाबाई १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचल्या, आणि तेथील विद्वानांनीं त्यांस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. लग्नानंतर थोडक्याच काळांत, १८८२ मध्यें, वैधव्य आलें. त्याच वर्षीं त्यांनीं पुण्यास आर्य महिला समाज स्थापिला. पुढील वर्षीं त्या इंग्लंडास गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं आपल्या लहानग्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. स्वदेशीं सुधारकांसही याचा धक्का बसला. पण खरा इतिहास येथून पुढें सुरू होतो.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयाच्या प्रमुख मिस बील यांच्याशीं बाईंचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं प्रसिद्ध केला आहे. तो वाचतांना आश्चर्य वाटतें. ज्या बाईस इकडे पाद्र्यांच्या जाळ्यांत सांपडलेली म्हणून हिणविलें गेलें, तीच बाई तिकडे पाद्र्यांशीं निकरानें वाद करीत होती. त्रैक्याचा सिद्धांत बुद्धीस पटल्यावांचून तोंडानें म्हणण्यास त्यांनीं नकार दिला. त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं असा प्रश्न निघाला, तेव्हां बिशपांनीं तें अनुचित ठरविलें. ज्या बाईनें हिंदुस्थानांत पुरुषांच्या सभा गाजविल्या होत्या तिला ही मर्यादा अपमानाची वाटली, आणि तसें तिनें स्पष्ट लिहिलें. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें असावींत अशी गोष्ट निघाली. तेव्हां, प्राचीन भाषाच हवी असेल तर माझ्या देशाची संस्कृत असो, असें त्यांचें म्हणणें पडलें. आहार शाकाहारी व पोषाख एतद्देशीय, यांतही त्यांनीं बदल केला नाहीं.

सिस्टर जेराल्डीन यांस यांत अहंकार दिसला. आमच्या मतें ही समजूत चुकीची होती, तरी ती समजण्यासारखी आहे. श्रद्धेच्या जीवनांत विनय हा मोठा गुण मानला जातो, आणि गुरूनें सांगितलेलें शिष्यानें प्रथम स्वीकारावें, मग समजून घ्यावें, ही रीत ख्रिस्ती मंडळींतच काय, आपल्या मठांतही आहे. पण रमाबाईंची अडचण निराळी होती. एका पुरोहितवर्गाचें जूं मानेवरून काढून दुसऱ्याचें घेण्यासाठीं आपण धर्म बदलला नाहीं, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. जें मनास पटलें नाहीं तें पटल्याचें दाखविणें म्हणजे देवासमोर खोटें बोलणें, ही त्यांची कसोटी. आणि ही कसोटी ख्रिस्ती नाहीं असें कोण म्हणेल?

हीच कसोटी त्यांनीं स्वतःसही लावली. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांस असें जाणवलें कीं, आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला, पण ख्रिस्त सांपडला नाहीं. ही कबुली त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत उघडपणें दिली आहे. बिशपांशीं वाद करणारें मन गर्विष्ठ असतें, तर तें स्वतःविरुद्ध अशी साक्ष देतें ना.

आतां सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळूं. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें व पुढील वर्षीं तें पुण्यास गेलें. संस्थेंत धर्माच्या बाबतींत तटस्थता राहील असें अभिवचन होतें. बाईंनीं कोणावर सक्ति केली नाहीं. पण स्वतःची प्रार्थना दार लावूनही केली नाहीं. मुली तेथें येऊन बसूं लागल्या, ‘केसरी’नें कोरडे ओढले, आणि १८९३ सालीं रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागारांनीं संबंध सोडला. दोन्ही बाजूंस सत्याचा अंश होता असें आम्हांस वाटतें. आपली श्रद्धा चोरून पाळणें रमाबाईंस अशक्य होतें. तशी अपेक्षा करणें म्हणजे त्यांच्या प्रामाणिकपणाचाच बळी मागणें होतें. पण जिला जगांत दुसरा आसरा नाहीं अशा बालविधवेस आश्रयदात्रीचें उघडें दार हेंही एक प्रकारचें बोलावणें असतें, हें पालकांचें भय निराधार नव्हतें. एकाचें खरेपण दुसऱ्याच्या स्वातंत्र्यावर कोठें भार टाकूं लागतें, याचा निर्णय त्या वर्षीं लागला नाहीं. आणि आजच्या आश्रमसंस्थांसही तो चुकलेला नाहीं.

पुढें केडगांवच्या मुक्तिसदनांत बाईंनीं ही संदिग्धता ठेविली नाहीं. ती संस्था उघडपणें ख्रिस्ती होती. १८९६–९७ व १९०० च्या दुष्काळांत मरणाच्या दारीं पोंचलेल्या शेंकडों मुली त्यांनीं तेथें आणल्या, त्यांस अन्न दिलें आणि हातास धंदा दिला. उतारवयांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं सारें बायबल मराठींत आणलें, तें पंडितांसाठीं नव्हे, तर अल्प शिकलेल्या स्त्रीस वाचतां यावें म्हणून. क्रूसावर संस्कृत मागणारी ही सरस्वती अखेरीस सोप्या मराठीकडे वळली यांत विसंगति नाहीं. विलायतेंत लॅटिनपुढें स्वदेशाची भाषा उभी करावयाची होती. केडगांवीं तीच भाषा स्वयंपाकघरांतील बाईपर्यंत न्यावयाची होती. १९२१ सालीं एकुलती मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. तें संपूर्ण बायबल १९२४ मध्यें बाहेर पडलें.

हिंदु समाजास त्या परक्या वाटल्या आणि मंडळीस पुरत्या आपल्या वाटल्या नाहींत. दोघांनींही त्यांस आपापल्या मापानें मोजलें. ख्रिस्ती मनुष्य खरा कीं खोटा, हें त्याच्या नांवावरून वा पोषाखावरून ठरत नाहीं. जें तो देवासमोर म्हणतो तेंच तो माणसांसमोर म्हणतो कीं नाहीं, आणि त्याची किंमत कोण भरतो, यावरून तें ठरतें. रमाबाईंनीं ती किंमत बहुतांशीं स्वतः भरली. जेथें ती इतरांस भरावी लागली, तेथें त्यांच्यावर टीका अवश्य व्हावी. मात्र ती करणारानें आधीं त्यांची पत्रें वाचावींत.